टीआरएनए 'प्रभारित' होत नाही, भरला जातो

प्रश्न असा आला आहे: "जीवशास्त्राच्या मराठी टिपणांत 'प्रभारित टीआरएनए' आणि 'उदासीन टीआरएनए' असे शब्द वाचले. इंग्रजीतल्या 'चार्ज्ड' आणि 'अनचार्ज्ड'ला ते चालतील का? आणि हे काम करणाऱ्या एन्झाइमला सिंथेटेज म्हणायचं की सिंथेज?"

चालणार नाहीत. टीआरएनए म्हणजे ट्रान्स्फर आरएनए, प्रथिन घडवण्यासाठी अमिनो आम्लं वाहून आणणारा रेणू. त्यावर अमिनो आम्ल जोडलेलं असेल तर इंग्रजीत तो 'चार्ज्ड', नसेल तर 'अनचार्ज्ड'. हे 'प्रभारित' मी व्याख्यानांत ऐकतो, टिपणांत वाचतो आणि दर वेळी चडफडतो. टीआरएनएवर विजेचा प्रभार नसतो असं नाही. भरपूर असतो, आणि घोटाळा तिथेच आहे. साधारण ७६ न्यूक्लिओटाइडांची, म्हणजे आरएनएच्या मण्यांची, ही साखळी. तिच्या कण्यातला एकेक फॉस्फेट गट ऋण प्रभार धरून असतो. अमिनो आम्ल जोडलेलं असो वा नसो, त्यात काही उणं होत नाही. म्हणजे ज्याला 'उदासीन' म्हणून आपण मोकळे झालो, तो रेणू सत्तरहून जास्त ऋण प्रभार अंगावर घेऊन पेशीत हिंडत असतो. 'उदासीन'मध्ये नुसता शब्द चुकलेला नाही, विधानच खोटं झालं आहे.

मग चार्ज कसला? मोबाइलचा, लाठीचा, बिलातला आणि आरोपपत्रातला, हे सगळे सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडा. हा शब्द रोमनांनी गॉल लोकांच्या केल्टिक बोलीतून उचलला. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कार्रिकारे', गाड्यावर माल चढवणं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि 'चार्ज' झालं. बंदुकीत दारू ठासणं हा चार्ज, माणसावर जबाबदारी टाकणं हाही चार्ज. 'कार्गो' याच गाड्यावरचा. 'कॅरिकेचर'ही याच घरातलं: चेहऱ्याच्या ठेवणीवर जरा जास्तच बोजा चढवलेलं चित्र. विजेचा अर्थ फार उशिरा, अठराव्या शतकात, विजेचे प्रयोग करणाऱ्यांनी बरणीत वीज 'भरायला' सुरुवात केली तेव्हा चिकटला. धाकट्या अर्थाने थोरल्याला घराबाहेर काढावं, असं आपल्या शास्त्रीय परिभाषेत झालं आहे. कचेरीतल्या मराठीने 'चार्ज घेतला'चं 'कार्यभार स्वीकारला' केलं, ते मुळाशी कितीतरी अधिक इमानी आहे.

चार्जचं मूळ संस्कृत 'चर्' धातूत शोधणारेही भेटतात. ध्वनी जुळले, यापलीकडे त्यांच्याकडे पुरावा नसतो. 'चर्' चक्राच्या घराण्यातला. 'कार्रुस'चं नातं लॅटिन 'कुर्रेरे'शी, म्हणजे धावण्याशी. दोघंही गाडीच्या आसपास फिरतात म्हणून भाऊ ठरत नाहीत.

दुसरा पक्ष जास्त शहाणा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. हे लोक म्हणतात, इथे चार्ज म्हणजे ऊर्जा भरणं, बॅटरीसारखं. त्यात तथ्य आहे. एन्झाइम आधी एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) फोडून अमिनो आम्लाला त्यातल्या एएमपी या तुकड्याची जोड देतं, मग ते टीआरएनएच्या सीसीए या तीन न्यूक्लिओटाइडांच्या शेपटाला, अगदी टोकाच्या ॲडिनोसीनवर, एस्टर बंधाने बसवतं. त्या बंधात राखलेली ऊर्जा पुढे प्रथिनाची साखळी वाढवताना कामी येते. पण नाव ऊर्जेवरून पडलेलं नाही, याचा पुरावा शास्त्रज्ञांच्याच बोलण्यात आहे. चुकीचं अमिनो आम्ल जोडलं गेलं की ते त्याला 'मिसचार्ज्ड' म्हणतात. त्या बंधात ऊर्जा तेवढीच असते. चुकलेला असतो तो माल. ज्या शब्दाची चूक मालावरून ठरते, त्याचा अर्थही मालावरूनच ठरवायला हवा.

आता मला ज्याचं खरं वेड आहे तिकडे येतो. 'ट्रान्स्फर'मध्ये लॅटिन 'ट्रान्स' आणि 'फेर्रे' आहेत. फेर्रे म्हणजे वाहून नेणं, आणि तो आपल्या 'भृ'चा सख्खा भाऊ. भार, भारा, भरणं सगळं त्यातलंच. 'ट्रान्स'चं नातं 'तॄ'शी लावतात, ज्यातून तरणं, तीर, तीर्थ आले. म्हणजे ट्रान्स्फर आरएनए हे नाव उच्चारताना आपण नकळत 'तर' आणि 'भर' म्हणत असतो. पण गंमत पुढे आहे. 'फेर्रे' हे क्रियापद अनियमित. त्याचं भूतकालवाचक रूप दुसऱ्याच धातूकडून उसनं घेतलेलं, 'लातुस'. 'ट्रान्स्फेर्रे'चं ते रूप 'ट्रान्सलातुस', आणि त्यावरून 'ट्रान्सलेशन'! जीवशास्त्रातले ट्रान्स्फर आणि ट्रान्सलेशन (आरएनएवरचा संदेश वाचून प्रथिन घडवणं) हे दोन वेगळे शब्द नव्हेतच, एकाच क्रियापदाची ती दोन तोंडं आहेत. आणि हे 'लातुस' मुळात 'त्लातुस'. आरंभीचा त गळून पडला. तो धातू उचलून धरण्याचा, पेलण्याचा. संस्कृतात त्याच धातूची लेक म्हणजे 'तुला'. आपलं तोलणं तिथूनच येतं.

एका अंगाला भर, दुसऱ्या अंगाला तोल. भाषेच्या इतिहासात हा निव्वळ योगायोग, हे मला मान्य आहे. पण अमिनो आम्लं जोडणारं एन्झाइम नेमकं हेच करतं: आधी तोलतं, मग भरतं.

आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही दोन अमिनो आम्लं घ्या. दोघांत फरक एका मिथिलीन गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन एवढाच. एन्झाइमात आयसोल्युसीनसाठी घडलेल्या खोबणीत व्हॅलीन आकाराने लहान असल्यामुळे सहज शिरतं. मोठ्या आम्लाला दारात अडवता येतं, लहानाला कसं अडवणार? नुसत्या खोबणीच्या मापावर भिस्त ठेवली तर चुका फार होतील, हे लायनस पॉलिंग यांनी १९५०च्या दशकातच हिशोबाने दाखवलं होतं. सुमारे दोनशेत एकदा व्हॅलीन पहिली पायरी पार करतंही. तरी तयार प्रथिनांत ही अदलाबदल सुमारे तीन हजारांत एकदाच सापडते. ॲलन फर्श्ट यांनी १९७७ साली याचं उत्तर 'दुहेरी चाळणी' या कल्पनेने मांडलं. पहिली चाळणी मोठ्यांना अडवते. दुसरी खोबण इतकी अरुंद की तिच्यात आयसोल्युसीन मावतच नाही, व्हॅलीन मात्र जातं, आणि आत गेलेल्याचा बंध तोडून टाकला जातो. पहिलीत शिरणं म्हणजे निवड, दुसरीत शिरणं म्हणजे हकालपट्टी. धान्य पाखडून घेऊन मग मोजावं तशी ही रीत आहे.

टीआरएनएची ओळखही अशीच चोख. ॲलॅनीन या अमिनो आम्लाचं एन्झाइम तर प्रतिकोडॉनकडे, म्हणजे टीआरएनएवरच्या संदेश वाचणाऱ्या तीन न्यूक्लिओटाइडांकडे, बघतसुद्धा नाही. या-मिंग हौ आणि पॉल शिमेल यांनी १९८८ साली दाखवलं की सीसीए शेपटाजवळच्या दांड्यातली जी आणि यू या न्यूक्लिओटाइडांची एक जोडी त्याला पुरते. ती जोडी दुसऱ्या टीआरएनएत बसवली, तर त्यावरही ॲलॅनीन चढतं.

म्हणूनच टीआरएनएला 'दुभाष्या' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि असे लेखक बरेच आहेत. दुभाष्याला दोन्ही भाषा कळाव्या लागतात. टीआरएनएला न्यूक्लिओटाइडांची एकच भाषा येते. पाठीवर कोणतं अमिनो आम्ल आहे याचा त्याला पत्ता नसतो. प्रथिनाची साखळी ओवणारा रायबोसोमही तसाच. फ्रांस्वा शापव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली सिस्टीन हे अमिनो आम्ल भरलेला टीआरएनए घेतला आणि रॅने निकेल या गंधक काढून टाकणाऱ्या पदार्थाच्या साहाय्याने त्या सिस्टीनचं जागच्या जागी ॲलॅनीन करून टाकलं. रायबोसोमने काही चौकशी न करता सिस्टीनच्या जागी ॲलॅनीन ओवलं. टीआरएनएने सांगितलं आणि त्याने मानलं. अमिनो आम्ल आणि टीआरएनए ही दोन्ही बाजूंची माणसं ओळखणारं पेशीत एकच कुणी आहे, ते हे एन्झाइम. फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ साली जुळवणाऱ्या रेणूची, म्हणजे पुढे टीआरएनए ठरलेल्या रेणूची, कल्पना मांडली, तेव्हाच प्रत्येक जुळवणाऱ्यासाठी वेगळं एन्झाइम लागेल हेही त्यांनी ओळखलं होतं. आपण मात्र पुस्तकांत 'भाषांतरण' हा मथळा रायबोसोमच्या चित्रावर देतो आणि एन्झाइमला एका ओळीत उरकतो. (भाषांतरातलं 'अंतर' म्हणजे दोन भाषांमधली दूरी नव्हे, देशांतर, रूपांतर यांतल्यासारखं 'दुसरं'. यावर पुन्हा कधीतरी.)

तर शब्द. 'भारित' मला मुळाच्या दृष्टीने आवडतो, पण 'विद्युतभारित'मुळे तो पुन्हा त्याच खड्ड्यात नेतो. 'लादलेला' नको, आपण निर्णय लादतो, कर लादतो, आणि इथे तर एवढी पारख करून चढवणं चाललं आहे. साधा 'भरलेला टीआरएनए' घ्या. भरणंही 'भृ'चंच आहे. अमिनो आम्ल नसेल तर 'रिता टीआरएनए'. रिता हा 'रिक्त'चा आपल्या तोंडात रुळलेला वारस आहे, त्याला शास्त्रात यायला कुणाची परवानगी नको. 'मिसचार्ज्ड'ला 'चुकीचा भरलेला'. क्रियेला 'टीआरएनए भरणं'. आठवीतल्या मुलालाही यातून काय घडतं ते दिसेल.

सिंथेटेज की सिंथेज हे राहिलंच. जुना संकेत असा की एटीपीसारख्या रेणूची ऊर्जा खर्चून जोडणी करणारं ते सिंथेटेज, तसं न करता घडवणारं ते सिंथेज. अधिकृत नामावलीत ही एन्झाइमं सहाव्या वर्गात, लायगेजांत, येतात. लॅटिन 'लिगारे', बांधणं. टीआरएनए भरताना एटीपी खर्ची पडतंच, तेव्हा सिंथेटेज लिहा.