टोलच्या रस्त्यावर टायर फुटला, खर्च कोणाकडून मागायचा?

प्रश्न : गेल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास राष्ट्रीय महामार्गावर टोल भरून आठ-दहा किलोमीटर पुढे आलो आणि गाडी खड्ड्यात आदळली. पुढचा डावा टायर जागीच बसला, अलॉय (चाकाची धातूची रिम) वाकलं. टायर जेमतेम 14 महिन्यांचा होता. दुकानदाराने जोडीने दोन्ही टायर बदलायला लावले. टायरचे 12,400, अलॉयचे 7,500 आणि बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे 900, असे 20,800 रुपये गेले. टायर कंपनी म्हणते, मार लागून फुटलाय, वॉरंटीत बसत नाही. विमा कंपनीने फोनवर सांगितलं, टायर कव्हर होत नाही. टोलनाक्यावर तर कोणी ऐकूनही घेतलं नाही. गाडी अडीच वर्षांची आहे. काही मिळू शकेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळू शकेल, पण सगळ्यांकडून नाही. तुम्हाला तीन ठिकाणी नकार मिळाला आहे, आणि त्यातला पहिला नकारच तुमच्या सर्वांत उपयोगाचा आहे.

टायर कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नका. वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते. खड्ड्याचा किंवा दगडाचा मार त्यातून वगळलेला असतो आणि वॉरंटी कार्डावर तसं छापलेलंही असतं. कंपनीकडून एकच गोष्ट मागा : हा नकार लेखी द्या. ‘बाहेरून मार लागल्याने साइडवॉल (टायरची बाजू) फुटली, टायरमध्ये दोष नाही’ असं कंपनीच्या तपासनिसाने लिहून दिलं, की टायर आधीच खराब होता हा रस्तेवाल्यांचा बचाव लंगडा पडतो. नकार तोंडी दिला असेल तर ईमेल करून लेखी उत्तर मागवा.

विमा कंपनीने फोनवर दिलेलं उत्तर अर्धवट आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान मिळत नाही हे खरं. पण त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या 50 टक्के रक्कम देय होते. तुमचं अलॉय वाकलंय आणि अलॉय म्हणजे टायर नव्हे. म्हणजे क्लेम बसतो. तो करावा का, हा वेगळा प्रश्न. फुटलेल्या टायरचे निम्मे 3,100, अलॉयवर अडीच वर्षांच्या गाडीला 15 टक्के घसारा (जुनेपणामुळे धरलेली किमतीतली घट) गेला तर 6,375, त्यातून 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची 1,000 रुपयांची वजावट. हातात साधारण 8,475 येतील. दुसरीकडे, क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. आधी क्लेम नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला तुम्हाला 35 टक्के सूट मिळायची आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडीचा हप्ता 9,000 धरला, तर सूट हुकल्याने तीन वर्षांत साडेसात हजारांच्या आसपास जादा भरावे लागतील. बोनस वाचवणारं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण, पॉलिसीत असेल तर क्लेम जरूर करा. पण प्रसंग कळवायला आधीच उशीर झालाय, तेव्हा आजच कळवा. ॲड-ऑन नसेल तर माझ्या मते क्लेम करू नये.

आता रस्ता. तुम्ही पैसे मोजून रस्त्याची सेवा घेतलीत, म्हणून तुम्ही ग्राहक आहात. याच भूमिकेतून ग्राहक आयोगांनी महामार्ग प्राधिकरणाविरुद्ध आदेश दिलेले आहेत. केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्करा नाक्यावरची टोलवसुली रस्त्याच्या दुरवस्थेमुळे तिथल्या उच्च न्यायालयाने काही काळ थांबवली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. टोल घ्यायचा तर रस्ता धड हवा, एवढं तरी आता उघड आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख असा आदेश दिला, पण तो माणसांसाठी आहे, टायर-रिमसाठी नाही. तुमचा मार्ग ग्राहक आयोगाचाच.

इथे सगळं पुराव्यावर अडतं. जुना टायर कुठे आहे? दुकानदाराकडे टाकून आला असाल तर तो भंगारात जायच्या आत परत आणा. रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात टायर चिरडला की साइडवॉलच्या आतल्या दोऱ्या तुटतात, आणि ते टायर उघडून पाहिलं की दिसतं. नक्षीच्या खाचेत मधे मधे रबराची छोटी उंचवट्याची पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर आली, की कारचा टायर कायद्याने बाद. तुमची नक्षी त्याच्या बरीच वर असणार. ती मोजून गॅरेजवाल्याकडून बिलाच्या कागदावर लिहून घ्या. जुनं अलॉयही टाकू नका. फास्टॅगचा मेसेज जपून ठेवा, त्यात नाक्याचं नाव आणि वेळ आहे. रात्री महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकावर फोन केला असेल तर तक्रार क्रमांक शोधा.

खड्डा एव्हाना बुजवला असेल. तरी हरकत नाही. प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाकडे 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा : त्या किलोमीटरच्या पट्ट्यातली त्या महिन्याची गस्तीची नोंदवही आणि खड्डे बुजवल्याच्या तारखा द्या. 30 दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. खड्डा अमुक तारखेला बुजवला अशी नोंद मिळाली, तर त्याआधी तो होता हे त्यांनीच कबूल केल्यासारखं होतं.

मग प्राधिकरण आणि टोल वसूल करणारी कंपनी, दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून 15 दिवसांची मुदत द्या. दाद दिली नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. राहत्या ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क 2019 च्या कायद्याने दिला आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. ती तयारी ठेवूनच उतरा. समोरचे तुमच्या वेगावर बोट ठेवतील. जो वेग होता तोच लिहा, पाच-दहाने कमी करू नका, कारण उलटतपासणीत तेवढ्या एका आकड्यावर सगळी तक्रार संशयात येते.

मागणी 20,800 ची करू नका. दुसरा टायर फुटला नव्हता, तो दुकानदाराच्या सल्ल्याने बदलला. एका टायरचे 6,200, अलॉयचे 7,500, बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे 900, मिळून 14,600. त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा. काढलेला चांगला टायर दुकानदाराने ठेवून घेतला असेल तर तोही परत घ्या, स्टेपनीला लावता येईल.