कोंबडी पेंगतेय? आधी वेगळी काढ
अगोदर तिला डालग्याखाली वेगळी ठेव, गूळपाणी दे. आपल्या घणसोलीच्या दमट हवेत खुराड्यातला ओला भुसाही बदल. कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं, हाताला गरम लागली की ताप समजू नकोस. सकाळी दाणा टाकण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचप; रात्रभरानंतरही टणक असेल तर चारा अडकलाय. पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी उवा बघ. हिरवी पातळ शीट आणि मान वाकडी, म्हणजे मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय. त्यावर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तर नकोच (मी दिल्यात, पस्तावलोय). एकापाठोपाठ मरायला लागल्या तर उघड्या हाताने उचलू नकोस, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव. 2022 मध्ये शहापूर तालुक्यात बर्ड फ्लू निघाला होता.