दुसरी केबल सगळ्यात शेवटी लावा

तुम्ही विचारलंय की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ऑफिस आणि गोदामाच्या स्विचमध्ये एक गिगाबिटची एकच केबल आहे, तिला दुसरी जोडून लिंक अ‍ॅग्रिगेशन (दोन केबल मिळून एकच लिंक) करायचंय, तर आधी काय तयारी करावी.

पहिल्यांदा हे बघा, की तुमचा त्रास यानं सुटणार आहे का. एका पीसीचा बॅकअप दुप्पट वेगानं जाणार नाही. पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून स्विच एक कनेक्शन एकाच केबलवरून पाठवतो. दहाजण एकदम काम करत असतील तर भार वाटला जातो. पण सगळे गोदामातल्या एकाच सर्व्हरवर जात असतील आणि हॅश (कोणतं कनेक्शन कोणत्या केबलवर टाकायचं ते ठरवणारा हिशोब) फक्त डेस्टिनेशन मॅकवर, म्हणजे डेटा घेणाऱ्या यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावर असेल, तर एक केबल तुंबते अन् दुसरी रिकामी राहते. हॅशसाठी सोर्स-डेस्टिनेशन आयपी, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा दोघांचे नेटवर्क पत्ते निवडा. आणि त्या सर्व्हरला एकच एक गिगाबिटचा पोर्ट असेल, तर पैसे आधी तिथं घाला.

दोन्ही स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारे हवेत. दोन्ही स्विच आपसात बोलून ग्रुप बनवतात तो प्रोटोकॉल एलएसीपी; डेटाशीटमध्ये एलएसीपी, ८०२.३एडी किंवा ८०२.१एएक्स यातलं काहीही लिहिलेलं असू शकतं; २००८ पासून हे मानक दुसऱ्या नावाखाली गेलंय. पोर्टांचा स्पीड सारखा, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना डेटा), व्हीएलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे केलेले नेटवर्क) दोन्ही टोकांना तेच. एलएसीपीत किमान एक बाजू अ‍ॅक्टिव्ह (स्वतःहून बोलणी सुरू करणारी) ठेवा, दोन्ही पॅसिव्ह असल्या तर ग्रुप बनतच नाही. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारा डबा) असेल तर स्टॅटिकच्या, म्हणजे एलएसीपीशिवाय हातानं बनवलेल्या ग्रुपच्या वाटेला जाऊ नका: पलीकडची लाइन तुटली तरी इकडचा दिवा हिरवाच राहू शकतो आणि स्विच त्याच केबलवर डेटा ओतत राहतो.

एका चादरीच्या गोदामात मी सेटिंगच्या आधीच दुसरी केबल खोचली होती. लूप अडवणारं स्पॅनिंग ट्री बंद होतं. लूप झाला, म्हणजे तोच डेटा दोन केबलांतून गोल फिरत राहिला, सगळ्या पोर्टांचे दिवे एकदम फडफडायला लागले, बिलिंग ठप्प. स्विचचं पानसुद्धा उघडेना, शेवटी केबल उपसली तेव्हा सगळं शांत झालं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी करा. दोन्ही कन्फिगचा बॅकअप घ्या, कन्सोल केबल (नेटवर्क बंद असलं तरी स्विचला थेट जोडायची) जवळ ठेवा, केबलच्या दोन्ही टोकांना लेबल चिकटवा. आधी गोदामाच्या स्विचवर ग्रुप बनवा, मग ऑफिसच्या. मधल्या वेळात लिंक तुटेल, घाबरू नका. दोन्हीकडे झालं की मगच दुसरी केबल. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का ते तपासणारी कमांड) चालू ठेवून एकेक केबल काढून बघा, आणि निघण्यापूर्वी दोन्ही स्विचवर सेव्ह दाबा. नाहीतर लाइट गेली की सेटिंग जाईल आणि दोन्ही केबल लागलेल्याच असतील, म्हणजे पुन्हा लूपचा धोका.