माधवराव सप्रे मराठी असून हिंदीत का लिहायचे? त्यांचं काय वाचावं?

मी रायपूरची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. त्यामुळे 'मराठी असून' हे शब्द दिसले की राहवत नाही.

आतेबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. भर पंगतीत एक काका म्हणाले, "सप्र्यांनी मराठी सोडली, तुम्हीही तेच केलंत." बाबांनी मान खाली घातली आणि मीही गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं ते आज लिहिते.

आजी दुपारी तांदूळ निवडायला ओसरीवर बसायची, शेजारी दासबोध. समोरच्या चाची आपला दासबोध घेऊन यायच्या. तो हिंदी, सप्र्यांनी भाषांतर केलेला. आजीने ओवी म्हणायची, चाचींनी तोच भाग हिंदीत वाचायचा. आजीला हिंदी धड येत नव्हती, चाचींना मराठी अजिबात नाही. मूर्खलक्षणांचा समास आला की दोघी आपापल्या जावयांची नावं घेऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. याला मराठी सोडणं म्हणतात?

सप्रे १८७१ साली दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मले, शिकले बिलासपूर-रायपूरला. हिंदी त्यांच्या अवतीभवतीची भाषा होती, मग लिहिणार कशात? १९०० साली त्यांनी पेंड्र्यासारख्या आडगावातून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढलं. १९०७ मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी', टिळकांचं म्हणणं हिंदी मुलखात पोचावं म्हणून. त्यापायी १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. 'गीतारहस्य' हिंदीत नेलं तेही त्यांनीच. टिळक नुसते वाचणारे पुष्कळ होते, दुसऱ्या भाषेत खांद्यावरून वाहून नेणारे किती?

वाचायचं तर 'एक टोकरी भर मिट्टी'पासून सुरुवात करा. १९०१ ची, जेमतेम दोन-तीन पानांची गोष्ट. जमीनदाराने झोपडी बळकावलेली. विधवा म्हातारी नातीसाठी चूल घालायला तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. पुढे ती जे बोलते ते तुम्हीच वाचा. ही हिंदीतली पहिली कथा की नाही, यावर अभ्यासक भांडतात. मला त्यात रस नाही.

एक मात्र सांगायला हवं. १९०८ च्या त्या अटकेतून सप्रे घरच्यांच्या दबावाखाली माफीनामा लिहून सुटले. हे झाकू नये. त्यांनाही ते सोसलं नाही. पुढे काही काळ माधुकरी मागून राहिले, आणि दासबोधाचं काम त्याच प्रायश्चित्ताच्या दिवसांतलं.

चाची गेल्यावर त्यांच्या मुलाने ती प्रत मला दिली. मूर्खलक्षणांच्या पानावर कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने जावयाचं नाव आहे, आजीच्या अक्षरात, मराठी वळणाचा 'ल' काढून. पुण्याला जाईन तेव्हा काकांपुढे तेच पान उघडणार आहे.