कारवी आणि नीलकुरिंजी: दुर्मिळ बहर म्हणजे दुर्मिळ झुडूप नव्हे

कारवी आणि केरळातल्या मुन्नारची नीलकुरिंजी एकच का, आणि दोन्ही नामशेष होतायत का, असं विचारलंय. दोन्ही स्ट्रोबिलँथिस या एकाच प्रजातीतल्या (genus), पण जाती (species) वेगळ्या. कासच्या सड्यावरची बुटकी टोपली कारवी ही आणखी तिसरी; तिच्या फोटोखाली सर्रास 'नीलकुरिंजी' लिहिलेलं असतं.

कारवी (स्ट्रोबिलँथिस कॅलोसा) सह्याद्रीच्या उतारांवर, झाडांच्या सावलीत दाट रान करते. पुरुषभर किंवा त्याहून उंच, खोड सरळ आणि काठीसारखं. कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या. नीलकुरिंजी (स्ट्रोबिलँथिस कुंथियाना) साधारण १३०० मीटरच्या वरच्या, शोलालगतच्या (शोला म्हणजे दक्षिणेतल्या उंच डोंगरांच्या घळींतलं बुटकं सदाहरित जंगल) उघड्या गवताळ डोंगरांवर वाढते. तिथल्या वाऱ्यात ती बहुधा गुडघा-कमरेपर्यंतच राहते.

कारवी आठव्या वर्षी फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६, २०२४ असा बहर आला, पुढचा २०३२ मध्ये. नीलकुरिंजीला बारा वर्षं लागतात: मुन्नारला २०१८, पुढे २०३०. कर्नाटकातल्या चिकमगळूरकडची २०२२ मध्ये फुलली, कारण प्रत्येक डोंगराचं चक्र वेगळं असू शकतं. तेव्हा 'बारा वर्षांनी पुन्हा' असले मेसेज वाचताना आधी ठिकाण बघा.

आता मुद्द्याचं. बहर क्वचित येतो म्हणून झुडूप दुर्मिळ ठरत नाही. कारवी आजही मुबलक आहे. नीलकुरिंजीला मात्र आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ) धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत २०२४ मध्ये 'असुरक्षित' दर्जा मिळाला. तिचा गवताळ प्रदेश चहाच्या मळ्यांनी, निलगिरी आणि वॅटल (परदेशी बाभळीचा प्रकार) यांच्या लागवडीने, बांधकामांनी खाल्लाय. वन्यजीव कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ती असल्याने उपटणं किंवा विकणं गुन्हा आहे. केरळने २००६ मध्ये तिच्यासाठी कुरिंजीमला अभयारण्यही जाहीर केलं.

दोन्ही झुडपं एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात. म्हणून खरा नाजूक काळ बहरानंतरचा. कारवीची बोंडं उन्हाळाभर वाळक्या काड्यांवर राहतात आणि पावसाचं पाणी लागलं की तडकून बी उडवतात. 'मेलंय, तोडा' म्हणून त्याआधीच रान साफ केलं किंवा वणवा लागला, तर त्या उतारावरची पुढची पिढीच जाते. कारवी आसपासच्या रानातून सावरू शकते. तुकड्या-तुकड्यांत उरलेल्या नीलकुरिंजीला ते जड जातं.

घरी लावायला नीलकुरिंजीचं बी मागू नका. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात ती तगायची नाही, आणि ते बी बहुतेकदा रानातूनच ओरबाडलेलं असतं. उद्यानातून कारवीही उचलता येत नाही, मुबलक असली तरी.