एअरफॉइलच्या (विमानाच्या पंखाच्या छेदाच्या) सिम्युलेशनमध्ये लिफ्ट (वर उचलणारा जोर) जुळते, पण ड्रॅग (हवेचा विरोध) जास्त येतो. मेश (हिशेबासाठी हवेचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे सेल) अजून बारीक करू का?

नका करू. तुम्ही दिलेले आकडे असे आहेत: एनएसीए ००१२ हा एअरफॉइल, रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) ६० लाख, हवेशी ० अंशाच्या कोनाला ड्रॅग कोएफिशंट (ड्रॅग मोजायचा एककरहित आकडा) ०.००८२. पुस्तकातल्या आलेखात तो ०.००६ च्या आसपास दिसतो आणि गाईडना फरक ५ टक्क्यांच्या आत हवाय. मेश कितीही बारीक केलीत तरी हा आकडा तिथवर उतरणार नाही. एवढं ठामपणे सांगते, कारण २०१२ च्या उन्हाळ्यात हाच आकडा घेऊन मी तीन आठवडे लॅबमध्ये बसले होते.

एम.ई.चं शेवटचं सेमिस्टर होतं. लॅबमध्ये धड चालणारी मशीन एकच, तिच्यासाठी वहीत नाव लिहून नंबर लावायचा. मला रात्रीचे नंबर मिळायचे. भिंतीलगतचा पहिला थर साधारण ५ मायक्रॉनचा ठेवला होता, कॉर्ड (पंखाच्या छेदाची पुढून मागची लांबी) १ मीटर. ४५ हजार सेलला ड्रॅग ०.००८४ आला. ९० हजारांना ०.००८३. एक लाख ऐंशी हजारांना ०.००८२. तीन लाख साठ हजारांचा रन दोन रात्री चालला आणि सकाळी पुन्हा ०.००८२. हे चार आकडे मी डायरीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहिले होते. ते पान माझ्या गाईड सरांपुढे धरलं तर सर म्हणाले, "मेश चुकतेय तुझी. पाच टक्क्यांत आण, मग सही करतो."

मेश चुकत नव्हती. सेल आठपट केले तरी आकडा जागचा हलत नाही, म्हणजे मेशचं काम संपलं. आता चूक असेल तर ती समीकरणात, नाहीतर आपण ज्याच्याशी तुलना करतोय त्यात. स्पालार्ट-ऑलमरस (१९९२) घ्या नाहीतर मेंटरचं एसएसटी (१९९४), नेहमीसारखं चालवलं तर ही टर्ब्युलन्स मॉडेल्स या रेनॉल्ड्स नंबरला जवळजवळ नाकापासूनच (पुढच्या टोकापासूनच) बाउंडरी लेअर, म्हणजे पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर, टर्ब्युलंट (खळबळता) धरतात. पुस्तकातली खालची रेषा अमेरिकेतल्या लँगली संशोधन केंद्राच्या विंड टनेलमधल्या गुळगुळीत पॉलिश केलेल्या मॉडेलची आहे. त्याच्यावर हवा नाकापासून बरंच अंतर लॅमिनार (संथ, थराथराने वाहणारी) राहते आणि तिथे घर्षण कमी पडतं. तुमचा सगळा फरक तिथला आहे. त्याच पानावर, त्याच ६० लाखाला, आणखी एक रेषा आहे बघा, नाकाजवळ कार्बोरंडमची खर, म्हणजे खरखरीत कण, चिकटवलेल्या मॉडेलची. ती तुमच्या आकड्याच्याही वर जाते. मी ते पान झेरॉक्स करून टेबलासमोर भिंतीवर लावलं होतं आणि तीन आठवडे फक्त खालचीच रेषा बघत होते.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, पण सबमिशनला चार दिवस उरले होते. मग सरांनीच उपाय सुचवला: पुढचा काही भाग लॅमिनार झोन कर आणि तो जिथे संपतो ती रेषा सरकवत जा. मी सरकवली. कॉर्डच्या २० टक्क्यांवर, ३० वर, ४० वर, आकडा पाच टक्क्यांत येईपर्यंत. रिपोर्टमध्ये लिहिलं, "निकाल प्रयोगाशी जुळतात." ती रेषा तिथेच का, याचं एक वाक्यही नव्हतं. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी आलेख पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हा झोन इथेच का संपतो?" मला कारण माहीत होतं. सर शेजारी बसले होते. मी म्हणाले, "लिटरेचरवरून घेतलं." मार्क चांगले पडले. ते वाक्य मला अजून सलतं.

लॅमिनार झोन वापरणं चूक नाही. ट्रान्झिशन (लॅमिनारचं टर्ब्युलंट होणं) कुठे होतं ते एक्सफॉइलसारख्या सॉफ्टवेअरने आधी काढा, रेषा तिथे ठेवा आणि मग जो ड्रॅग येईल तो येऊ द्या. उत्तर आधी ठरवून रेषा हलवली की ती पडताळणी उरत नाही. गेल्या वर्षी सर एका लग्नात भेटले, विषय निघाला तर म्हणाले, "अगं, पण डिग्री मिळाली ना?" मिळाली. पण त्या रिपोर्टवर विसंबून पुढच्या बॅचच्या एकाने तीच रेषा दुसऱ्या एअरफॉइलवर, दुसऱ्या अँगलला तशीच वापरली. अँगल वाढला की वरच्या बाजूचं ट्रान्झिशन नाकाकडे सरकतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. "पाच टक्क्यांत आण" या हट्टाने पोरांना आकडे जुळवायची सवय लागते, असं मी सरांना तेव्हा म्हणायला हवं होतं. म्हणून इथे लिहितेय.

काही गोष्टी राहिल्या. रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) कितीवर थांबवलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. १०⁻³ वर थांबला असाल तर आधी रन पुढे चालवा आणि ड्रॅगची रेषा आडवी होते का पाहा. १० अंशाला हवेची दिशा फिरवली असेल तर फोर्सची दिशाही फिरवा, नाहीतर ड्रॅग चक्क उणे येतो. डोमेन (हिशेबात धरलेला भोवतीचा हवेचा भाग) २० कॉर्डचं असेल तर लिफ्ट असलेल्या अँगलना त्याचा थोडा परिणाम दिसेल; नासाच्या या केसच्या ग्रिड्स (मेश) ५०० कॉर्डपर्यंत जातात. स्टॉलच्या (कोन फार वाढून लिफ्ट कोसळते त्या टप्प्याच्या) पुढच्या टू-डी आकड्यांवर विसंबू नका. आणि हे सगळं ६० लाखाच्या रेनॉल्ड्स नंबरचं आहे. छोट्या ड्रोनच्या एक-दोन लाखाला ट्रान्झिशन टाळून चालतच नाही.

तुलना करायचीच तर लॅडसन या संशोधकाच्या १९८८ च्या लँगलीमधल्या मोजमापांशी करा. त्यात मॉडेलवर मुद्दाम खर लावून हवा टर्ब्युलंट केली होती, म्हणजे तुमच्या सिम्युलेशनसारखीच. नासाच्या टर्ब्युलन्स मॉडेलिंगच्या पानांवर मॅक ०.१५ ला (ध्वनीच्या वेगाच्या ०.१५ पट वेगाला) स्पालार्ट-ऑलमरसचा ड्रॅग ० अंशाला ०.००८२ च्या जवळपास आहे. १० अंशाला लिफ्ट १.०९ आणि ड्रॅग ०.०१२३. तुमचा ० अंशाचा आकडा तिथे बसलाय. १० अंशाचा काढून खाली टाका, मी बघते.