नकाराची किंमत विचारा

(वाचकांचे प्रश्न. या वेळी आलेली बरीचशी पत्रं गुरू, आश्रम आणि साधना-शिबिरांविषयीची होती. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

माझी धाकटी बहीण २६ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी गुरुवारच्या भजनाला जायला लागली. आता नोकरी सोडून आश्रमातच राहते. पहाटे साडेतीनला उठते, रात्री साडेअकरापर्यंत सेवा. फोन 'साधनेत अडथळा' म्हणून जमा. आम्ही काही बोललो की म्हणते, 'मला कोणी जबरदस्ती केलेली नाही.' ती स्वखुशीने राहत असेल तर आम्ही बोलणारे कोण? (डिचोली)

तिचं म्हणणं खरं असेल, आणि तरीही तुमची काळजी रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी तिला कोणी विचारलं असतं, 'नोकरी सोडून, फोन देऊन, चार तास झोपून इथे राहशील का?' तर ती हसून घरी आली असती. पण हा प्रश्न तिला कधी विचारलाच गेला नाही. विचारलं गेलं ते एवढंच: गुरुवारी तासभर येशील? मग, महाप्रसाद वाढायला थांबशील? मग शनिवार-रविवार, मग उत्सवाचा आठवडा. प्रत्येक 'हो' आधीच्या 'हो'पेक्षा बोटभर मोठा. १९६६ साली कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं. 'सांभाळून गाडी चालवा' अशी मोठी, बेढब पाटी अंगणात लावू द्याल का, असं थेट विचारल्यावर सुमारे १७ टक्के लोक तयार झाले. ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची छोटीशी पट्टी लावून घेतली होती, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. माणूस आपल्याच कालच्या वागण्याशी सुसंगत राहायला बघतो. बाहेरून कोणाला ढकलावंही लागत नाही.

त्यात झोप. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून खाली घसरते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. तुमची बहीण रोज २० तास जागी असते. नोकरीचा राजीनामा, दागिने देणं, घर सोडणं असे निर्णय अशा डोक्याने घेतले जातात. साडेतीनला उठण्यात गैर काही नाही, आपल्याकडे काकडआरतीला माणसं पिढ्यानपिढ्या उठत आली आहेत. ती रात्री नऊला निजतात.

तिसरी गोष्ट शब्दांची. चीनमधल्या सक्तीच्या मतपरिवर्तनाचा अभ्यास करून रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९६१ मध्ये आठ लक्षणं मांडली. त्यातलं एक असं, की गटाची स्वतःची ठरावीक भाषा तयार होते आणि प्रत्येक शंकेला आधीच एक नाव दिलेलं असतं. शंका आली की 'अहंकार'. घरची आठवण आली की 'मोह'. दमले म्हटलं की 'शुद्धी चालू आहे'. आजारी पडलं की 'जुनं कर्म निघतंय'. मग शंका ही माहिती राहत नाही, ती रोगाचं लक्षण ठरते आणि औषध एकच: आणखी सेवा. दुसरं लक्षण कबुलीचं. रोज मनातल्या चुका वहीत लिहून ती वही वरिष्ठांना दाखवायची असेल, तर ती वही कुठे राहते आणि कोण वाचतं, हे विचारा. सोडून जायच्या वेळी बहुतेकांचे पाय अडकतात ते या वहीत.

भक्ती आणि दडपण यांतला फरक ओळखायला आम्ही एकच कसोटी सुचवतो: ती 'नाही' म्हणाली तर काय होतं? घरच्या एखाद्या कार्यासाठी तिला चार दिवसांची सुट्टी मागायला सांगा. पालखी, जत्रा, आजीचं वर्षश्राद्ध, काहीही चालेल. सहज मिळाली तर ठीक. 'जा, पण गुरूंना किती वाईट वाटेल बघ' असं आलं, परत गेल्यावर तिच्याशी कोणी बोलेनासं झालं, किंवा घरी यायला सोबत एक 'ताई' पाठवली, तर तिच्या 'हो'मध्ये किती मोकळीक होती ते कळलं.

आता तुमच्या चुका. सगळ्यात नेहमीची म्हणजे पहिल्याच भेटीत 'भोंदू' म्हणणं. 'घरचे विरोध करतील' हे तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं. तुम्ही भविष्य खरं करून दाखवता. दुसरी, पोलीस घेऊन जाणं. ती सज्ञान आहे. 'मी माझ्या मर्जीने राहते' असं तिने ठाण्यात लिहून दिलं की तो कागद पुढे तुमच्याच विरोधात दाखवला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या, पर्वरीच्या खंडपीठात हेबियस कॉर्पसचा (अडकवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, असा) अर्ज करता येतो, पण भेटूच देत नसतील किंवा ती कोंडलेली आहे असं मानायला कारण असेल तरच करा. न्यायालय तिलाच विचारतं, आणि तिचं उत्तर तुम्हाला आज माहीत आहे.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी संपर्क ठेवा, तिने नाही केला तर तुम्ही करा. गुरूचा विषय काढू नका. तिचं आधार कार्ड, पासपोर्ट, पदवीची मूळ प्रमाणपत्रं घरी असतील तर घरीच ठेवा, तिथे असतील तर 'नूतनीकरणाला हवीत' म्हणून आणून घ्या. तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं बंद पडू देऊ नका. सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम त्यात असू द्या. तिची खोली मोकळी ठेवा. बाहेर पडणारी माणसं वाद हरून पडत नाहीत. एखाद्या दिवशी आतलं काहीतरी खटकतं, आणि त्या दिवशी जायला जागा आणि रिक्षाला पैसे लागतात.

किनाऱ्यावरच्या एका श्वसन-सत्रात माझ्या हातांची बोटं वाकडी झाली, तोंडाभोवती मुंग्या आल्या, रडू फुटलं. घेणाऱ्याने सांगितलं की जुनी जखम मोकळी झाली, पुढचा टप्पा एकटीने करावा लागेल. त्याच गादीवर एक फॉर्म दिला, 'स्पर्शाला संमती आहे' असा. मी सही केली. ती मला बांधील आहे का? (म्हापसा)

आधी बोटांचं. आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. त्याहून बराच वेगाने, खोल श्वास काही मिनिटं घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. परिणाम: ओठ-बोटांना मुंग्या, अंगठा तळव्याकडे ओढला जाणं, मेंदूकडचा रक्तपुरवठा घटून गरगरणं. श्वास हळू केला की काही मिनिटांत जातं. रडू येणं खरं असतं, त्यातून कोणाला हलकंही वाटतं. पण वाकड्या बोटांवरून तुमच्या बालपणाचं निदान कोणालाच करता येत नाही. अपस्मार, हृदयविकार, गरोदरपण किंवा पूर्वी बायपोलर वा सायकोसिसचा त्रास असेल तर असं सत्र टाळायचं. हे आधी न विचारणारा माणूस शिकवायला लायक नाही.

फॉर्मची गोष्ट सोपी आहे. डोकं गरगरत असताना घेतलेली सही कायद्याला फारशी मोलाची नाही, आणि स्वच्छ डोक्याने केली असती तरी ती परत घेता येते. संमती त्या त्या कृतीपुरती असते. चांगल्या योगवर्गांत आता प्रत्येकीच्या मॅटशेजारी दोन बाजूंचं कार्ड किंवा चकती ठेवतात: एक बाजू 'हात लावा', दुसरी 'लावू नका', आणि वर्ग चालू असतानाही ती उलटता येते. कुठे, कशासाठी, किती वेळ हात लावणार हे लावण्याआधी सांगतात, आणि दार उघडं असतं. 'एकटीने, बंद खोलीत' ही अट आली की जाऊ नका. पैसे भरले असतील तर परत मागा. नाही मिळाले तरी जाऊ नका.

यजमान फोंड्याकडचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) महाराजांच्या ट्रस्टला बक्षीसपत्राने द्यायचं म्हणताहेत. 'देवाचं देवाला' असं सांगतात. दोन मुलं आहेत. मी अडवू शकते का? (फोंडा)

हो. गोव्यात याबाबत तुमची बाजू देशातल्या बहुतेक बायकांपेक्षा भक्कम आहे. लग्न इथल्या नागरी कायद्याखाली झालं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक. स्थावर देऊन टाकायला तुमची सही लागते. म्हणून तुम्ही फक्त सही करू नका. कोऱ्या कागदावर नाही, 'तात्पुरत्या' मुखत्यारपत्रावर तर मुळीच नाही. फसगत तिथेच होते. शिवाय मुलांचा हिस्सा राखीव असतो: माणसाला मर्जीने देता येतो तो आपल्या वाट्याचा निम्मा भाग. त्याहून जास्तीचं दान पुढे इन्व्हेंटरीत (वारसांमधल्या वाटणीच्या न्यायालयीन कामात) कमी करून घेता येतं. २०१२ च्या गोवा वारसा कायद्यातही हे तत्त्व कायम आहे.

दान होऊन गेलं असेल तरी सगळं संपत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १६ 'अनुचित प्रभावा'बद्दल आहे. एकाचं मन वळवण्याची सत्ता दुसऱ्याच्या हाती असेल आणि व्यवहार वरकरणीच अन्याय्य दिसत असेल, तर प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या सत्ताधाऱ्यावर येतो. अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर १८९० साली नेमकं असंच प्रकरण आलं होतं: परलोकी आत्म्याला लाभ म्हणून एका भक्ताने सगळी मालमत्ता गुरूला दिली होती. ते दान टिकलं नाही. मात्र वेळ घालवू नका. दस्त रद्द करून घ्यायची मुदत, खरी हकीगत कळल्यापासून तीन वर्षं आहे. इंग्लंडमध्ये १८८७ च्या एका गाजलेल्या खटल्यात मठ सोडलेल्या ननचं म्हणणं न्यायालयाला पटलं, पण ती सहा वर्षं थांबली होती. पैसे गेले ते गेले.

गुरूंनी 'हे शरीर देवाला अर्पण कर' म्हणून माझ्याशी संबंध ठेवले, वर्षभर. मी एकदाही ओरडले नाही. नकार दिला तर घराण्याला शाप लागेल असं सांगितलं होतं. मीच तयार झाले, मग तक्रार कशाची करू? (जागा लिहिलेली नाही)

तुम्ही ओरडला नाहीत, यावरून काहीही सिद्ध होत नाही. भारतीय न्याय संहितेत (कलम ६३) स्पष्ट लिहिलं आहे की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही. कलम २८ सांगतं की इजेच्या भीतीने किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते ठाऊक असेल तर, संमतीच नव्हे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्याने केलेला बलात्कार कलम ६४(२) खाली जातो, शिक्षा किमान १० वर्षं. तिथे संबंध सिद्ध झाले आणि बाई न्यायालयात 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालय तेच गृहीत धरतं. बलात्कार ठरला नाही तरी अधिकाराचा गैरवापर करून वश करण्याला कलम ६८ आहे, ५ ते १० वर्षं. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुनी दंडसंहिता लागते, तिच्यातही ही कलमं होती. शापाच्या धमकीला स्वतंत्र कलम आहे, ३५४: दैवी कोपाची भीती घालून काही करायला लावणं, एक वर्षापर्यंत कैद. तो अदखलपात्र गुन्हा आहे आणि मुदत एका वर्षाची, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा गोव्यात लागू नाही. त्याच्या नावाने अर्ज लिहिलात तर वेळ जाईल.

तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवा, कोणाच्या घाईने नको. पुरावा मात्र आजच सांभाळा. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, 'आपोआप नाहीसे' हा पर्याय बंद करा, फोन बदलू नका. जुना फोन न्यायालयात मूळ पुरावा असतो, नुसते स्क्रीनशॉट कमी पडतात. तारखा, जागा, तिथे कोण होतं, हे आठवेल तसं एका वहीत लिहा. संबंध चार दिवसांच्या आतले असतील तर आंघोळ आणि कपडे धुणं थांबवून थेट सरकारी इस्पितळ. तपासणी आणि उपचार मोफत, आणि उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, महिला अधिकारीच ती नोंदवते. तुमचं नाव छापणं गुन्हा आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. तातडीला १८१ किंवा ११२. आणि १८ वर्षांखालच्या मुलीची गोष्ट असेल तर संमतीचा प्रश्नच येत नाही. ते ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

लाज वाटते असं तुम्ही लिहिलं आहे. ज्याच्यापुढे सगळं गाव वाकतं त्याला नकार देताना एकटी पडलेली व्यक्ती तुम्ही होतात, हा हिशेब आधी लावा. झोप उडाली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६, किंवा बांबोळीची मानसोपचार संस्था. तिथे डॉक्टरांना सगळं सांगावं लागत नाही, झोपेपासून सुरुवात करा.

मुलाची बायपोलरची लिथियमची गोळी स्वामींनी बंद करायला सांगितली. करू का? (पेडणे)

नको. लिथियम एकदम थांबवलं तर उन्माद लवकर आणि जोरात उलटू शकतो, आत्महत्येचा धोकाही वाढतो. बंद केली असेल तर पूर्वीचा डोस स्वतःहून सुरू न करता आजच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. जप, उपवास याबद्दलही त्यांना विचारा: कडक उपवासात पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं, आणि मग हात थरथरतात, उलट्या होतात. मीठ सोडायचं व्रत या मुलाने करायचं नाही.

ता. क. बऱ्याच जणांनी विचारलं आहे, 'मग गुरू करूच नये का?' कोणी असं म्हटलेलं नाही. आपल्या गोव्यातल्या देवळांत महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) असतात, १९३३ च्या रेग्युलामेंतखाली (पोर्तुगीज काळातल्या देवस्थान कायद्याखाली) हिशेब मांडला जातो, मामलेदाराकडे तक्रार जाते. भांडणंही होतात, आणि ती होऊ शकतात हेच बरं आहे. कौल डावा लागला तर माणूस घरी जातो, त्याचा फोन कोणी काढून घेत नाही. दहा दिवसांचं मौन, फोन जमा, एक वेळचं जेवण हे सगळं आधीच सांगितलेलं असेल तर त्यातही गैर नाही. शिबिराला नाव देण्याआधी फोन करून विचारा: तिसऱ्या दिवशी परत जायचं झालं तर पैसे किती मिळतील, फोनच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, आणि गुरूबद्दलच तक्रार असेल तर ती कोणी ऐकायची. उत्तर लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल.